वीस मिनिटं पुढे

चार महिने झाले, ना तू आलीस, ना मला फोन. बापाला दर रविवारी फोन करतेस, आजी बरी आहे ना एवढं विचारतेस आणि ठेवून देतेस. मी काय शेजारीण आहे? बरी असायला काय झालंय मला! गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे, जीभसुद्धा.

प्रिय चिमटी,

हे नाव तुला आता आवडत नाही, ठाऊक आहे. पण आजोबांचा बारीक चिमटा पळवून बाहुलीच्या भुवया उपटणारीला मी दुसरं काय म्हणू? मी चौथी नापास, तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घे. तुझ्या बापाकडून लिहून घेतलं असतं, पण त्याला हे अजून कळायचंय.

तर तुझा तो लिफ्ट दुरुस्त करणारा. त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या घरी, चारला येतो म्हणाला होता. तू सकाळीच आलेली, तो कामावरून परस्पर येणार. तुझा बाप नवा शर्ट घालून भिंतीवरच्या घड्याळाखाली बसला, आल्यागेल्याला ऐकवतो ते ऐकवायला. तीन पिढ्या घड्याळं दुरुस्त करणारं घर, आणि हे घड्याळ चाळीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडं झालेलं नाही! चार वाजले, सव्वाचार झाले, बेल वाजली तेव्हा काटा चार वीसवर. दार मी उघडलं. पहिली नजर बुटांवर, दुसरी नखांवर. नखांत ग्रीस. आपल्याकडे तेल सुईच्या टोकावर घेतात, हा डब्यानं ओतत असणार. उंबऱ्यातच म्हटलं, पहिल्या दिवशी वीस मिनिटं उशीर, मग लग्नाला काय दुसऱ्या दिवशी उगवणार का रे बाबा? त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे, आणि बाही हळूच ओढून मनगट झाकलं. चुकलं माझं आजी, म्हणाला. मला वाटलं, स्वस्तातलं घड्याळ लपवतोय. लपवाछपवीचा माणूस, असा शिक्का मी तिथंच मारला. तुझा बाप पुढे त्याच्याशी धड बोलला नाही. तूसुद्धा त्याच्यावर डोळे वटारलेस. अर्धा कप चहा टाकून तो गेला, आणि माझ्याशी कडाकडा भांडून मागोमाग तू.

तुम्ही गेलात आणि शेजारच्या रेडिओवर पाचच्या बातम्या लागल्या. मी वर पाहिलं. पाच वीस!

आता ऐक, आणि मधे बोलू नकोस. ह्यांनी ते घड्याळ शेवटचं उघडलं तेव्हा हात थरथरत होता. लंबकाखालचा स्क्रू जरा जास्तच फिरला. तेव्हापासून ते दिवसाला दहा मिनिटं पुढे पळतं. सहा वर्षं झाली. तुझा बाप दुकानाला गेला की मी रोज स्टुलावर चढते, लंबक थांबवते, दहा मिनिटं चहा पीत बसते आणि पुन्हा चालू करते. त्याला पत्ता नाही. दुकानात डोळ्याला भिंग लावणारा माणूस घरात नुसतं कौतुकानं बघतो. त्यात तुझ्या आजोबांचा नियम, ते भिंतीवर असताना मोबाइलमध्ये वेळ बघायची नाही. मग कळणार कोणाला? तो येणार म्हणून मी दोन दिवस घर घासत होते. तेवढे दोन दिवस स्टुलावर चढायचं राहिलं.

पोरगा चारच्या ठोक्याला दारात होता, चिमटी. मनगट पुढे केलं असतं तर आपल्या तीन पिढ्या तिथंच आडव्या झाल्या असत्या, तुझ्या बापादेखत. त्यानं बाही ओढली. तुलाही अजून सांगितलं नसेल, तर माणूस वाटला त्याहून पक्का आहे. आणि मला हे पाच वाजताच कळलं होतं. चार महिने गप्प बसले ती मी. माफीबिफी मला जमत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्याच चुका काढल्या, सवय नाही.

लिहायचं कारण एवढंच. काल स्टुलावरून उतरताना पाय सटकला. पडले नाही, पण म्हटलं, हे काही माझ्याबरोबर न्यायचं नाही. येत्या रविवारी जेवायला या. त्याआधी तुझ्या बापाला मी सगळं सांगते, रुसला तर रुसेल दोन दिवस. ह्यांचा शेवटचा हात त्या स्क्रूला लागलाय म्हणून मी तो कुणाला शिवू दिला नाही. तो आता तुझ्या लिफ्टवाल्यानं फिरवायचा. ज्यानं एकदा न सांगता झाकलं, त्याच्यासमोर उघडायला मला लाज वाटत नाही. नखं धुऊन ये म्हणावं. नाही धुतली तरी चालेल.

तुझीच,
जीभ जागेवर असलेली आजी

ता.क. उत्तर तू लिहायचं नाहीस, फोनही करायचा नाही. त्यानं लिहायचं, स्वतःच्या हातानं. किती वाजता येणार तेवढं कळवायचं, आणि ते त्याच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे.