ह्यांच्या तोंडी पहिलं नाव

१२ ऑक्टो.
हे बोलले. लकवा आल्यापासून नुसतं आँ-ऊँ होतं. सकाळी मी चहा पाजत होते, गोठ्यातनं गाय हंबरली आणि ह्यांच्या तोंडातनं स्वच्छ शब्द आला, "हरणी."
वन्सं सारोळ्याहून राहायला आल्यात. "बोलला गं माझा भाऊ," म्हणून रडायलाच लागल्या. मीपण हसले. पण पहिलं नाव आलं ते गाईचं.

१३ ऑक्टो.
पाणी पाहिजे, "हरणी". उशी सारायची, "हरणी". मी समोर बसले तरी "हरणी". वन्सं म्हणतात, "अगं, तुलाच हाक मारतोय त्यो."
मला कसली हाक. लग्न झाल्यापासून मी "अगं ए". आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत न्हाई. आम्ही बायका निदान हळदीकुंकवाला उखाण्यात तरी घेतो. अंगणवाडीतली पोरं मला मंगलताई म्हणतात. घरात मंगल कुणी न्हाईच.

१६ ऑक्टो.
ST ने भोर. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला. डावी बाजू बिघडली म्हणून उजवं अंग गेलं, आणि बोलणंही बहुतेकांचं डावीकडंच असतं. हात चांगला आहे, वरनं हुकूम पोचत न्हाई. हुकूम पाठीच्या कण्यातनं खाली जातो, हाताला लागलेलं ऊन-गार त्याच वाटेनं पण दुसऱ्या नसांतनं वर जातं.
विचारलं, मग गाईचंच नाव का? म्हणाल्या, रोज न विचार करता तोंडात असतं ते आधी येतं. "तुमचं नाव घ्यायला लावा ना."
"ते घेतच न्हाईत."
"मग हाक कशी मारतात?"
"अगं ए."
त्या हसल्या. मी न्हाई.

१९ ऑक्टो.
ह्यांना गोठ्यात खुर्ची टाकून बसवलं. वन्संनी उजवा हात उचलून हरणीच्या गळ्याखाली ठेवला. बोटं उलगडली. हळूहळू, पण उलगडली.
रोज तेल लावून चोळते मी. माझ्या हातात निव्वळ मूठ. मेलं मुकं जनावर, त्याला काय कळतंय. पण मान लांब करून उभी राहिली, लई हक्काची असल्यागत.

२१ ऑक्टो.
वन्सं टेम्पोनं घरी गेल्या. त्याच टेम्पोत हरणीला चढवलं. सांगितलं, भातकापणी तोंडावर आली, मी एकटी, धार-शेण होत न्हाई. त्यांना पटलं.
खरं कारण हितंच लिहिते. बघवत नव्हतं.

२५ ऑक्टो.
गप्प. "हरणी" पण न्हाई. गोठ्याकडं तोंड करून बसतात. मूठ आवळलेली. जेवण अर्धं.
बाईंना फोन केला. गाय धाडली एवढं सांगितलं, का ते न्हाई. चिडल्या. "चालता रस्ता बंद केलात की हो." मग म्हणाल्या, चालीवरचं काही म्हणून बघा, आरती, पाढे. त्याला मेंदूच्या उजव्या बाजूचाही आधार मिळतो.
तिन्हीसांजेला आरती धरली. हे अख्खं कडवं म्हणाले. न चुकता. मी मधेच थांबले, ऐकत राहिले.

२७ ऑक्टो.
हरणी परत आणवली. टेम्पोतनं उतरली तशी हंबरली. ह्यांनी डाव्या हातानं उजवा हात तिच्या गळ्यावर टाकला, बोटं उलगडली. "हरणी." डोळ्यांत पाणी.
मी पेंढी घेऊन दारात उभी. ह्यांना आत नेल्यावर तिला म्हटलं, "सवत गं तू माझी." ती रवंथ करत होती. पेंढी टाकली पुढ्यात. काय करू, उपाशी ठेवू?

३० ऑक्टो.
आमच्या हिर्डोशीचा नवा इंद्रायणी तांदूळ शिजवला. भरवताना आठवलं. ह्यांनी माझं नाव एकदाच घेतलंय, लग्नात, घास भरवताना. बायकांनी अडवूनच धरलं होतं. आणि उखाणा चालीवरच असतो की.
मी धरलं, "हिर्डोशीच्या भाताला..."
मान डोलावली. "इंद्रायणीचा वास," म्हणाले.
ह्याच्या पुढं माझं नाव. मग "भरवतो जिलेबीचा घास".
ओठ मिटले.
मंगल म्हणायचं तर ओठ आधी मिटावेच लागतात. जेवण नको असलं की तेव्हाही असेच मिटतात. मी घास हातात धरून बसून राहिले. तेवढ्यात गोठ्यातनं हरणी हंबरली.
ह्यांनी तिकडं बघितलं न्हाई.