अकराव्या होडीतली माझी जागा

मी, या जहाजाचा सुतार, वय वर्षे अठ्ठावन्न, नोकरी एकतीस वर्षे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. दारू घेतलेली नाही. वर पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात आज ती फुकट वाटली जात आहे, तरीही नाही. मजकूर माझा आहे. तो कायद्यात बसवायला एक वकीलसाहेब शेजारी बसले आहेत. ते प्रवासी. बायकोला होडीत बसवून ते तरंगेल असे काहीतरी मागायला माझ्या खोलीत आले. मी त्यांना कपाटाचे दार उचकटून दिले आणि बदल्यात हे काम सांगितले. एवढ्या वेळात त्यांनी दोनदा विचारले आहे की दार कोणत्या लाकडाचे आहे.

दुपारी ऐन जेवणाच्या वेळी जहाज धुक्यात खडकावर आपटले. पुढच्या दोन्ही कोठारांतले पाणी मी स्वतः मोजून आलो. कप्तानाच्या खालोखालचे अधिकारी, ज्यांना आम्ही बडे साहेब म्हणतो, ते अजून प्रवाशांना सांगत आहेत की काळजीचे कारण नाही. माझ्या टेबलावर पाणसळ ठेवली आहे. तिच्यातला बुडबुडा मधल्या खुणा सोडून मागच्या टोकाकडे निघाला आहे. बड्या साहेबांपेक्षा त्या बुडबुड्याला जास्त कळते.

कलम १. पाच वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. त्यात राहते घर मी धाकट्या भावाला दिले होते आणि माझ्या एकुलत्या एक मुलीला उंबरठासुद्धा ठेवला नव्हता. तो कागद भावाच्या ट्रंकेत कुलपात आहे, आणि त्याने तो आतापर्यंत पाठ केला असणार. माझा आजचा कागद किनाऱ्याला लागला नाही तर घर त्याचे. मुलगी दोन लेकरे घेऊन भाड्याच्या गळक्या खोलीत राहते. म्हणून हा कागद वाचला पाहिजे. बाकी कोण वाचते आणि कोण नाही, याबद्दल मला विशेष उत्सुकता नाही.

कलम २. राहते घर जमिनीसकट, आणि पेढीत जे काही असेल ते, माझ्या मुलीला मिळावे. माझे रंधे, करवती आणि पटाश्याही तिलाच. पटाशीला धार लावायला मी तिला ती नऊ वर्षांची असताना शिकवले. बाराव्या वर्षी ती माझ्यापेक्षा चांगली धार लावू लागली. हे मी तिला कधी सांगितले नाही, कारण मग ती डोक्यावर बसली असती. आता बसू दे.

कलम ३. आधीचे मृत्युपत्र मी का केले, ते कोर्टाला कळावे. मुलीने रंगाऱ्याशी लग्न केले. सुताराने केलेले काम झाकायचे आणि न केलेले लपवायचे, याला रंग म्हणतात, असे माझे मत आहे. जावई पहिल्यांदा घरी आला तो चहाला हात लावायच्या आधी माझ्या पुढच्या दाराला हात लावून म्हणाला की याला रंगाचा एक हात द्यायला हवा. मी त्याला ते दार बाहेरच्या बाजूने दाखवले. मुलगी त्याच्या मागोमाग उठली. जाताना म्हणाली, "बाबा, तुम्हाला माणूस दिसतच नाही. त्याच्यातली फट तेवढी दिसते." पुढच्याच आठवड्यात मी मृत्युपत्र केले. भाऊ शेजारी दौत धरून बसला होता. इतक्या मनापासून तो आमच्या वडिलांच्या आजारपणातही कधी बसला नव्हता.

कलम ४. सदर भाऊ प्रत्येक पत्रात लिहितो, "दादा, तू आहेस म्हणून आम्ही आहोत." गेल्या सुट्टीत मी आत झोपलो आहे असे समजून तो माझ्या मधल्या खोलीची लांबी पावलांनी मोजत होता. मग बायकोला म्हणाला की पलंग मावेल. त्याला माझी मोजपट्टी द्यावी. दुसऱ्या कोणत्याही वस्तूवर त्याने हक्क सांगू नये. वकीलसाहेब म्हणतात की कारण लिहायची गरज नसते. त्यांना नसेल.

कलम ५. बड्या साहेबांना मी माझा तिरस्कार ठेवतो, संपूर्ण आणि बिनशर्त. या जहाजावर चौदा होड्या आहेत. दर फेरीआधी साहेब त्यांना पांढरा रंग द्यायला लावत, कारण प्रवासी फोटो काढतात. लाकडाला, दोरांना, कप्प्यांना, सगळ्याला. एकावर एक थर. कप्पीवर रंग बसला की ती फिरत नाही, आणि ती फिरली नाही तर होडी खाली उतरत नाही. हे मी तीन वर्षे लागोपाठ वहीत लिहून दिले. तिसऱ्या वर्षी साहेब म्हणाले की सुताराने लाकूड बघावे. आज नऊ होड्या जागच्या हलल्या नाहीत. साहेब पाचव्या होडीतून गेले असते, पण तीही अडकलेली होती. तेव्हा त्यांनी तिला लाथ मारली. इतक्या वर्षांत त्यांनी होडीला स्वतः हात लावलेला मी पाहिला नव्हता; पाय लावलेला आज पाहिला.

कलम ६. वकीलसाहेब म्हणतात हे लिहू नका. चौथ्या वर्षी मी तक्रार लिहिली नाही. होड्या बाहेर लोंबवून पाहायच्या असतात, त्या न पाहताच मी तपासणीच्या वहीवर 'सर्व ठीक' लिहून सही केली. वाद घालायचा कंटाळा आला होता, आणि तोंड वाकडे करून हसणाऱ्या साहेबासमोर पुन्हा उभे राहायचे नव्हते. या वर्षीही तेच केले. सही माझी आहे. जगातल्या एकूणएक माणसाला नावे ठेवून झाल्यावर ही एक जागा उरली होती, ती भरली.

कलम ७. ~~प्रत्येक होडीबरोबर जहाजावरचा एक माणूस जायचा असतो. पाटीवर अकराव्या होडीपुढे 'सुतार' असे लिहिले आहे. माझी ती जागा मी जहाजाच्या रंगाऱ्याला देतो.~~

हे खोडण्याचे कारण असे. अकरावी होडी मोकळी झाली ती या रंगाऱ्यामुळे. बाकी सगळे दोर ओढत आणि एकमेकांना शिव्या देत होते, तेव्हा हा खरवडणी घेऊन कप्पीवर चढला आणि थरामागून थर काढू लागला. बोटांची सालटी निघाली. मी खालून म्हटले, "हे तुझंच काम आहे ना?" तो म्हणाला, "माझंच. म्हणून तर खरवडतोय." मला संताप आला, कारण इतके साधे वाक्य मला अठ्ठावन्न वर्षांत जमलेले नाही.

तर मी वरील कलम लिहिले, आणि वकीलसाहेबांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्याची साक्ष चालत नाही. तुमचा भाऊ कोर्टात हाच मुद्दा काढेल." एक साक्षीदार वकीलसाहेब, दुसरा हाच रंगारी; त्याच्याऐवजी आता कोणाला आणायचे? वर जे उरले आहेत त्यांना सही म्हणजे काय हेही या घटकेला आठवणार नाही.

म्हणून दुरुस्ती. रंगाऱ्याला मी काहीही दिलेले नाही. अकरावी होडी सुटताना सुतार हजर नव्हता, एवढीच नोंद घ्यावी. गैरहजर माणसाची जागा जवळ उभा असेल त्याला मिळते, असा नियम आहे. हा कागद मेणकापडात बांधून त्याने होडीजवळ उभे राहावे, असे मी त्याला सांगितले आहे. "आणि तुम्ही?" असे त्याने विचारले. मी म्हटले, मला तपासणीची वही शोधायची आहे. वही माझ्या कोपराखाली होती, ती त्याने पाहिली, आणि मेणकापड उलगडायला घेतले. रंगाऱ्यांमध्ये इतकी समज असते हे मला माहीत नव्हते.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: जहाजाचा सुतार

साक्षीदार १: वकील, प्रवासी. (दार काखेत घेऊन सही केल्यामुळे अक्षर तिरके आले आहे.)

साक्षीदार २: जहाजाचा रंगारी. (सहीशेजारचा डाग त्याच्या अंगठ्याच्या रक्ताचा आहे. खाडाखोड समजू नये.)

ठिकाण: सुतारखोली. पाणी उंबरठ्याशी.
गुरुवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे.

ता. क. रंगारी दारात थांबला आहे, म्हणून थोडक्यात. घराच्या पुढच्या दाराला जावयाने एक हात द्यावा. रंग मुलीने निवडावा. बिजागऱ्यांना लावू नये.