एकच शर्ट, एकच हाक

३ नोव्हेंबर, सोमवार. शिरूर
आजपासून माझ्यावर आकाशी रंग लादण्यात आला आहे. तीन शर्ट, तिन्ही एकसारखे, तिन्हींची काजं इतकी आवळ की बटण लावता लावता भूपाळी संपते. कुठे दाद मागावी? लादणारी आमचीच कन्या. अनघा रांजणगावच्या कंपनीत एचआरला आहे, तिथे 'पर्सनल ब्रँड' नावाचं ट्रेनिंग झालं. माणसाने सगळीकडे सारखंच दिसावं, सारखंच बोलावं, म्हणजे लोक विश्वास ठेवतात म्हणे. बाबा, तुम्ही शिरूरला पंडित, दौंडला पत्रकार आणि कासुर्डीला गावगुंड असता, असा तिचा आरोप. खरा आहे.
सौ. सुनंदा म्हणाली, बरं झालं, बाजारात हरवलात तर वर्णन सोपं.

६ नोव्हें., गुरु.
ब्रँडचा दुसरा हप्ता. भेटणाऱ्या प्रत्येकाला एकच हाक. मी "काय सरकार" निवडली. अनघाला पसंत.
कंपनीच्या गेटवरच्या बिहारी वॉचमनने टोपी सारखी केली. "सरकार तो आप हैं, साहब." तहसीलच्या शिपायाने न मागता चहा सांगितला. माणसं किती थोडक्यात खूश होतात, आणि मी पंचवीस वर्षं त्यांना संधिविग्रह ऐकवत होतो.
संस्कृत व्याकरणात संबोधनाला वेगळी विभक्तीही नाही, प्रथमेच्या घरात पोटभाडेकरू. माझं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. एक फायदा अनघाला सांगितला नाही. नाव आठवावं लागत नाही. हल्ली ते वेळेवर येत नाही.

११ नोव्हें., मंगळ. दौंड
नगरपालिकेची बातमी करून स्टँडवर आलो. एक गृहस्थ हात धरून उभे राहिले. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी गाडी काढली होती, त्याची आठवण निघाली. मी म्हणालो, सरकार, तुमचे उपकार. मनापासून म्हणालो. त्यांनी पेरूंची पिशवी बळेच हातात दिली.
परतीच्या वाटेवर चौफुला येईपर्यंत आठवत होतो. उपकार लख्ख आठवतो. माणूस नाही.
पेरू गोड निघाले.

१६ नोव्हें., रवि. कासुर्डी
दत्ताकडे. दौंडच्या शाळेत एका बाकावरचे आम्ही. मी संस्कृताकडे गेलो, तो शेवंतीकडे. सुगंधाच्या बाबतीत तो पुढे. तोडणी चालू होती. बांधावरूनच ओरडलो, "काय सरकार."
तो आला, हात पुसले, शर्टाकडे पाहिलं.
"सरकार कवापासून झालो मी? चाळीस वर्सं दत्त्या म्हंतोस."
ब्रँडचं सांगितलं. अनघाचं, ट्रेनिंगचं, सगळं. हसेल वाटलं. हसला नाही.
"बरं. मंग माजं नाव सांग."
दोन क्षण. फार तर तीन. त्याने स्वतःच उच्चारलेलं नाव, तरी... सांगितलं शेवटी. वहिनींनी पिठलं-भाकरी केली, त्याने माझ्या ताटात ठेचा जरा जास्तच वाढला.

१९ नोव्हें., बुध. कासुर्डी
गावात वाचनालयाचं उद्घाटन, बातमीसाठी गेलो. दत्ता आधीच दारात. एरवी अशा कार्यक्रमाला बोलावूनही येत नाही. आज माझ्या उजव्या हाताला चिकटून. कोणी समोर आलं की आधी हाच बोलायचा. "काय बाळासाहेब, थोरला पुण्याला अस्तोय न्हवं?" "या शांताआक्का, गुडघं कसं हायती?" मग मी, बाळासाहेब, नमस्कार. आक्का, नमस्कार. दुपारभर एकही 'सरकार' खर्चावा लागला नाही.
कोणाच्या लक्षात आलं नाही. एक तरुण सदस्य दत्ताकडे बघून म्हणाला, आप्पा आज लई बोलाय लागलेत. दत्ता म्हणाला, "इलेक्शनला उभा ऱ्हातोय."
पाठांतराला बसवणारे गुरू पुष्कळ लाभले. असा एकच. आभार मानले असते तर शिव्या मिळाल्या असत्या, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२२ नोव्हें., शनि. शिरूर
दत्ताचा फोन. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ त्याने घेतली आहे, सोमवारची. गाडी घेऊन येतोय. "सुनंदावैनीला सांगितलंस का?" नाही. "मी सांगू?" नको.
संध्याकाळी अनघाने कौतुक केलं. तिच्या कंपनीतले दोघे म्हणाले म्हणे, तुझे बाबा कुठेही भेटले तरी तसेच, अगदी आपले वाटतात. तिचा चेहरा इतका उजळला होता. मी पण हसलो.
सुनंदा आत पोळ्या करते आहे. सांगायला दहा पावलं जायचं आहे, आणि मी इथे लिहीत बसलोय.
नावं गेली तर जाऊ देत. भीती वेगळी आहे. एक दिवस अनघा दारातून आत येईल, मी तिच्याशी फार छान, फार अगत्याने बोलेन, आणि ती कोण हे मला ठाऊक नसेल. मी इतका सराईत झालोय की तिला ते कळणारही नाही.