ट्रायलच्या ट्रॅक्टरची पूजा

तीर्थस्वरूप उकंडराव मामा यांना भाचा नयन याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

(तीर्थरूप हे फक्त आईवडिलांना लिहायचे आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, असे आम्हाला आठवीत सांगितले होते. कॉलेज पहिल्याच वर्षी सुटले, पण आठवीपर्यंतचे सगळे लक्षात आहे. आदर कमी पडला असे कृपया समजू नये.)

तुमचा गुडघा कसा आहे? फुलसावंगीच्या बाजाराला आता पायी जाता की अर्पिता गाडीवर सोडते? तिला माझ्याकडून सांगावे की गतिरोधकावर गाडी हळू घे, मागे बसलेल्या माणसाचा गुडघा तिचा नसला तरी मामांचा आहे. मामींचा खोकला थांबला असेल. इकडे सर्व जण चालते-बोलते आहेत, एक बाबा सोडून. ते चालते आहेत, पण बोलते नाहीत, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे. फोन का केला नाही, असे तुमच्या मनात येईल. आमच्या घरी फोन आला की आई स्पीकर लावते, तुमच्या घरी मामी लावतात, म्हणजे दोन्ही गावांना सारखेच ऐकू जाते, आणि मला जे सांगायचे आहे ते एकाच माणसाला सांगायचे आहे. शिवाय फोनवर मी वाक्य पूर्ण करण्याआधी लोक हो म्हणून मोकळे होतात.

तर विषय ट्रॅक्टरचा आहे. तूर घरात आल्यावर बाबांनी जाहीर केले की यंदा पाडव्याला ट्रॅक्टर घ्यायचा, फार मोठा नाही आणि अगदी लहानही नाही, पंचेचाळीसच्या आसपास एचपीचा, आणि कोणता घ्यायचा ते नयनने ठरवायचे. "वाचता येते न तुले? मंग वाचून सांग कोनता," एवढे म्हणून ते आंघोळीला गेले. मामा, याआधी माझ्यावर सोपवलेली सर्वांत मोठी निवड म्हणजे पोळ्याच्या झुलीचा रंग, आणि तोही आईने नंतर बदलला होता. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी कुलूप लावल्यावर ओढून पाहतो, थोडा दूर जातो, परत येतो आणि पुन्हा ओढून पाहतो. अशा माणसापुढे एक लाल, एक निळा आणि एक हिरवा ट्रॅक्टर ठेवणे म्हणजे त्याची झोप काढून घेणे आहे. (कंपन्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे तसेही रंगानेच ओळखतात.)

आधी तिन्हींची माहितीपत्रके वाचली. तिन्हींत लिहिले होते की हाच सर्वांत चांगला. मग ज्यांच्या दारात ट्रॅक्टर उभे आहेत त्यांना विचारायला निघालो. हायड्रॉलिक किती वजन उचलते, रोटाव्हेटर लावल्यावर दम लागतो का, वावराच्या टोकाला धुऱ्याजवळ, बांधाशी, आल्यावर किती जागेत वळतो, असे माझे प्रश्न ठरलेले होते. लाल ट्रॅक्टरच्या मालकाने सांगितले, लालच घे, दुरून दिसते. हिरव्याच्या मालकाची बायको म्हणाली, "हिरवा घेऊ नको बापा, तुरीत उभा केला तं सापडत नाही. भाकर घेऊन मी धुऱ्याधुऱ्यानं बोंबलत फिरतो." (हा मुद्दा मी गंभीरपणे घेतला, कारण आपल्याकडे तूर पुष्कळ आहे.) निळ्याचा मालक काहीच बोलला नाही. तो बाभळीच्या सावलीत ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या झोपला होता, आणि इतक्या सुखात झोपला होता की मी माझे प्रश्न विसरून बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. त्यानंतर मला एकदा स्वप्न पडले की तिन्ही ट्रॅक्टर आमच्या अंगणात पाणी मागायला आले आहेत. आईने गडवा भरून दिला. लालने घटाघट पिऊन टाकले, हिरव्याने तोंड धुतले, आणि निळा म्हणाला, मला घाई नाही. जाग आल्यावर मी बाहेर जाऊन अंगण पाहून आलो. कोरडे होते.

बाबांचा ओढा लालकडे आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. तुम्हाला आठवत असेल, त्यांची वरात फुलसावंगीहून लाल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली होती. बाबा म्हणतात की लाल ट्रॅक्टर सुरू झाला की आजही त्यांना ती वरात आठवते. आई म्हणते, "मले तं धक्केच आठवतात." पण बाबांनी मला लाल घे असे एकदाही म्हटले नाही, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटत होती. सरळ सांगितले असते तर मी लाल लिहून मोकळा झालो असतो.

मग ट्रायल सुरू झाल्या. शोरूमवाले ट्रॅक्टर आणि चालक पाठवतात, आपण वावरात चालवून पाहायचा आणि परत द्यायचा, अशी ती पद्धत आहे. लालची ट्रायल झाली, उत्तम चालला. हिरव्याची झाली, तोही उत्तम चालला, त्यामुळे काहीच ठरले नाही. निळा आला तोपर्यंत आमचे वावर दोनदा नांगरून झाले होते, आणि तिसऱ्यांदा नांगरायला आईने मनाई केली (माती आहे, पीठ करू नका म्हणाली). म्हणून निळ्यासोबत आलेला चालक बादल, हा पलीकडच्या तांड्यावरचा मुलगा आहे, मला म्हणाला, "वावरात नाही तं रोडवर पाहा न भाऊ. पुलापर्यंत जाऊ अन् पलटू." मी सीटवर बसलो आणि तो मडगार्डवर.

मामा, इथून पुढचे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पळस फुलला होता. कापसाच्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या काट्यांना अडकला होता, आणि वारा आला की ती काटेरी झाडे मान हलवत होती, म्हाताऱ्या माणसांसारखी, सगळ्याला हो म्हणत. ज्या वावरांच्या कडेने मी लहानपणापासून पायी गेलो ती मला पहिल्यांदाच वरून दिसत होती. कुंपणाच्या आत कोणाची विहीर कुठे आहे, कोणाच्या आंब्याला मोहोर आहे, कोण खाटेवर पडून मोबाइल पाहत आहे, सगळे दिसत होते आणि कोणीही मला काही विचारत नव्हते. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. त्या आवाजात डोक्यातले प्रश्न एकेक करून खाली उतरले, जसे प्रवासी आपापल्या थांब्यावर उतरतात. पूल आला असणार, कारण रस्त्यात पूल आहे. मला तो दिसला नाही. नंतर मी बादलला विचारले की तू मला थांबवले काहून नाही, तर तो म्हणाला, "साहेबानं सांगतलं हाय, गिऱ्हाईक खुशीत असलं का अडवाचं नाही. अन् डिझेल कंपनीचं हाय."

मी थांबलो तेव्हा समोर हारांची दुकाने होती. आम्ही कळंबला चिंतामणीच्या देवळापाशी येऊन पोहोचलो होतो. मी वळवणारच होतो, पण तिथे नवा ट्रॅक्टर, नंबर नसलेला, बॉनेटवर शोरूमची रिबीन, असा आला म्हणजे तो कशासाठी आला हे कोणी विचारत नाही. मी ब्रेकवरून पाय काढेपर्यंत फुलवाल्या बाईने हार घातला होता. एका पोराने चारही चाकांखाली लिंबे ठेवली. एक महाराज ताट घेऊन आले, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि म्हणाले, नाव सांगा. आता मामा, मला कोणी नाव विचारले की मी ते पूर्ण आणि स्पष्ट सांगतो, ती माझी सवय आहे. मी माझे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव आणि तालुका सांगितला. महाराजांनी आडनावात गडबड केली, ती मी दुरुस्त केली. नंतर लक्षात आले की तो संकल्प होता. हा ट्रॅक्टर ट्रायलचा आहे, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होते, पण नारळ फुटला आणि भोवतीच्या लोकांनी इतक्या आनंदाने टाळ्या वाजवल्या की त्यांचा हिरमोड करणे मला जमले नाही. बादलने फोटो काढला. "आता लिंबावरून घ्या भाऊ, दमानं," एवढेच तो म्हणाला. मी घेतले. दमाने.

परत येईपर्यंत तो फोटो आमच्या आधी गावात पोहोचला होता. पानठेल्यावरून कोणीतरी ओरडले, "काय बे नयन, पेढे कोन खाते? निळा आनला न लपूनछपून!" दारात आई आरतीचे ताट घेऊन उभी होती, आणि तिच्या मागे बाबा, हातात लालचे माहितीपत्रक. मी दोघांना सगळे खरे सांगितले. आई म्हणाली, "देवापुढं यायचं नाव घेतलं, आता वापस कसा करता?" (यायचं म्हणजे बाबांचे) आणि ओवाळायला लागली. शोरूमच्या साहेबांना फोन लावला, ते म्हणाले की पूजा झालेली गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कशी दाखवू, तरी जबरदस्ती नाही, पाडव्यापर्यंत अंगणात राहू द्या आणि विचार करा. बादल हातात चार पेढे घेऊन एसटीने गेला.

तेव्हापासून ट्रॅक्टर कडुलिंबाखाली उभा आहे. हार वाळला आहे. एक कोंबडी सीटवर बसते. बाबा त्याच्याकडे न पाहता त्याच्या बाजूने जातात. आमच्या अंगणात धूळ किती उडते ते तुम्ही पाहिले आहे, पण या ट्रॅक्टरवर सकाळी पाहावे तर धुळीचा कण नसतो. (हा निळ्याचा एक गुण धरावा का? माहितीपत्रकात कुठे लिहिलेले नाही.) आणि मुख्य गोष्ट अशी की, पूजेच्या दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "देवाचं झालं. तुह्या मायचं झालं. कंपनीचंही झालं. तुह्यं काय?" मला निळा म्हणायचे होते. पण त्यांच्या डोळ्यांत मला ती वरात दिसली, आणि मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तो. बाबा उठले, चप्पल घातली आणि वावरात निघून गेले. तेव्हापासून अबोला आहे. त्यांचे मन लालसाठी दुखले आहे, हे उघड आहे. पाडवा जवळ आला. त्या दिवशी निळा घरात राहील किंवा माझ्यामुळे परत जाईल, आणि परत गेला तर बाबा यापुढे मला झुलीचा रंगही विचारणार नाहीत.

तुमचा शब्द बाबा नेहमी मानतात. तुमच्यासारखा जाणता माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही. मामींना नमस्कार, अर्पिताला आशीर्वाद (ती माझ्यापेक्षा लहान आहे म्हणून).

आपला आज्ञाधारक,
नयन

ता.क. येत्या रविवारी तुम्ही येऊन जावे, अशी विनंती आहे. गुडघ्याचे निमित्त काढू नये. बसस्टँडवर मी येईन.

ता.क. आल्यावर निळ्याची स्तुती मात्र करू नये. वर मी लिहिले की बाबा तुमचा शब्द मानतात, ते पत्राची रीत म्हणून लिहिले. तुम्ही म्हणालात की नाल्याकाठी विहिरीला पाणी लागणार नाही, म्हणून बाबांनी तिथेच खणली, आणि पाणी लागले. तेव्हापासून ते तुमच्या उलट जातात आणि त्यांना त्यात यश येते. तरी तुम्ही ओट्यावर बसून निळ्याला नावे ठेवावीत आणि लालच घ्या असा हट्ट धरावा. पुढचे बाबा करतील.

ता.क. नावे फार वाईट ठेवू नयेत. तो खिडकीसमोरच उभा असतो. मामा, खरे सांगायचे तर त्या दिवशी रस्त्यावर मला मागे वळून काही तपासून पाहावेसे एकदाही वाटले नाही. असे मला आधी कधी झाले नव्हते. हे बाबांना कसे सांगायचे, मला समजत नाही.

राम राम उकंडराव. हे माहं अक्षर हाय, रामरावचं. माहा पोट्टा पाकीट चिकटवाले भाताची शितं आनाले आत गेला अन् पत्र खाटेवर ठेवून गेला. मी वाचून काढलं. विहिरीचं त्यानं बरोबर लिहिलं. निळ्याचा सौदा मी परवाच पक्का करून आलो, घरात कोनाले मालूम नाही, तुम्हीही सांगू नका. लाल मले आजही आवडते, पन चालवाचा त्याले हाय. जन्मात या पोट्ट्यानं मले हे पाह्यजे म्हनून तोंडानं मांगतलं नाही, त्याचीच वाट पाहून राह्यलो. तुम्ही रविवारी याच. लालची बाजू घ्या, जोरात घ्या, यावेळेस मीही तुमच्याच बाजूनं बोलतो. दोघं मिळून त्याले इतकं पिडू का तो भडकून म्हनीन, निळाच पाह्यजे. तवा देतो चाबी हातात.