आरडाओरड्याचा रकाना

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

झालं! सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं आणि काम माझ्याच गळ्यात. मी एवढंच म्हणाले, ह्या गेमिंगच्या व्हिडिओंनी आपली पोरं वाया चाललीत, कुठलं चॅनल मुलांनी बघावं आणि कुठलं नाही हे कुणीतरी बसून ठरवा. सेक्रेटरी श्यामसुंदरकाका टपूनच होते. "गीतांजलीबाई, तुम्ही शाळेत शिकवता. तुम्हीच करा यादी. बालदिनाला नोटीस बोर्डावर लावू." करते की! मी काय घाबरते?

मदतीला चौथ्या मजल्यावरची स्नेहल दिली आहे. मूळची शिरवणे गावची. तिला मोबाइलमधलं सगळं कळतं म्हणे.

स्वानंद तळोज्याहून ड्युटी करून आला, त्याला सांगितलं. बूट काढता काढता म्हणतो, "आधी जाईशी बोलून बघ ना." बोलू? पोरगी बोलते का? दहा वर्षांची आहे. गेल्या वर्षीपर्यंत शाळेतून आली की हिचा पट्टा सुरू, माझे कान किटायचे. आता "हं", "नाही", "झालं". दप्तर टाकलं की खोलीचं दार बंद, स्वानंदचा जुना फोन आणि तो ठोकळ्यांची घरं बांधायचा गेम. ह्या चॅनलवाल्यांनीच माझी पोरगी मुकी केली. मला ती पहिल्यासारखी परत पाहिजे. बास!

बुधवार, ५ नोव्हेंबर

पेपर तपासते तसंच करायचं ठरवलं. लाल पेन, चार रकाने — भाषा, जाहिराती, शिकण्यासारखं काही, आरडाओरडा. प्रत्येकाला दहा मार्क. शेवटच्या रकान्यात आरडाओरडा जितका कमी तितके मार्क जास्त.

आज तीन बघितली. पहिलाच हिरो — काय किंचाळतो! गोळी लागली तरी किंचाळतो, चुकली तरी किंचाळतो. मध्येच शिवी. तिच्यावर 'पीं' वाजवतात, म्हणजे कुठली शिवी ते पोरांना बरोब्बर कळावं! आरडाओरडा — शून्य. असं लहान मुलांच्या कानात ओरडायची लाज कशी वाटत नाही ह्यांना? घरी कुणी काही बोलत नाही का?

त्या नादात दूध उतू गेलं. जाईला दोनदा सांगितलं होतं, गॅसकडे बघ म्हणून. पण दार बंद! मग ओरडले. "बहिरी झालीस का गं? तुझ्यापायी एक दिवस माझं डोकं फुटणार आहे!" बाहेर आली, ओटा पुसला, परत आत. ओरडावंच लागतं. नाहीतर ह्या घरात ऐकतं कोण?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अकरा चॅनलं झाली. नऊ नापास. डोकं नुसतं ठणकतंय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

स्नेहल आली. तिच्या वाटणीच्या चॅनलांत एक आहे, 'कुजबुज गेमिंग'. बिल्डिंगमधली सगळी पोरं सध्या तेच बघतात म्हणे. म्हटलं, दे इकडे, ते मीच तपासते. तर म्हणाली, "नको ताई, ते माज्याकडंच राहू दे. तुमी बाकीची बगा." आणि डोळ्याला डोळा देईना! चहासुद्धा अर्धा टाकून गेली. कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

आत्ता डोक्यात प्रकाश पडला! तिचा दीर मितेश. कॉलेज सोडून दिवसभर गेम खेळत पडलेला असतो. चॅनल त्याचंच. घरचं आहे म्हणून झाकते आहे.

जाई आज दिवसभरात सात शब्द बोलली. मोजले मी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

संताप नुसता! स्नेहलनं कागद दिला. 'कुजबुज गेमिंग' — भाषा दहा, जाहिराती दहा, शिकण्यासारखं दहा. आणि आरडाओरडा? कोरा! मी वीस वर्षं पेपर तपासते आहे. एक रकाना कोरा सोडून मार्क देतात का कधी?

पार्किंगमध्येच गाठली. म्हटलं, "तुझ्या मितेशचं चॅनल आहे हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? दुसऱ्याची पोरं बिघडली तरी चालतील, आपलं तेवढं झाकायचं!" वॉचमन बघत होता. बघू दे.

ती भडकेल वाटलं होतं. नाही भडकली. भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "मितेशचं नाय हाय ते. ताई, तो रकाना तुमीच भरा. पन घरी बसून बगा. एकट्या बगा." आणि लिफ्टमध्ये शिरली. मला शिकवते!

बुधवार, १२ नोव्हेंबर

उद्या यादी द्यायची. काकांचे दोन फोन येऊन गेले. सगळं तयार आहे, तेवढं एक चॅनल राहिलंय. स्वानंदला म्हटलं, उद्या त्याचा पण निकाल लावते. तर हा भात कालवायचा थांबला. "राहू दे ना गं ते एक," म्हणाला.

हा पण? त्या मितेशचा सगळ्यांना एवढा पुळका कसला आलाय? ताट आपटलं मी. जाई उठून आत गेली, पोळी अर्धीच ठेवून.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बघितलं. मितेश नाही. जाई आहे.

चेहरा दिसत नाही. ठोकळ्यांचा गेम आणि तिचा आवाज. हळू, अगदी हळू. पण बोलते आहे! बावीस मिनिटं बोलते आहे, तोच पट्टा, मध्येच स्वतःशी हसते पण. घर कसं बांधायचं ते मुलांना सांगते आहे. "किचनची भिंत डबल घ्यायची हं. म्हणजे आवाज येत नाही."

आणि मागून मी. "बहिरी झालीस का गं? तुझ्यापायी एक दिवस माझं डोकं फुटणार आहे!"

जाई म्हणते, "सॉरी हं मित्रांनो. आपण अजून हळू बोलू या."

तीनदा बघितलं. मग रकाना भरला. शून्य.

उठून तिच्या दाराशी गेले. हळूच हाक मारली, "जाई."

आतून म्हणाली, "कोण?"