आर्मांच्या घड्याळाला वर्षभर कुणी चावी देऊ नये

मी, मारी-ओदिल पाराट, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार ल न्वारमों, हे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आमच्या कायद्याला तसेच लागते. वळणदार अक्षरासाठी नन्सनी माझ्या बोटांवर पट्ट्या मारल्या, त्याचा आज उपयोग झाला. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून पाहावा. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर रेमीला दिले होते.

१. माझे बाकडे, भिंग आणि तीन चिमटे घड्याळशाळेत शिकणाऱ्या मुलींना द्यावेत. मुलींनाच. अडतीस वर्षे मी कारखान्यात केसाहून बारीक स्प्रिंग बसवून घड्याळांची चाल जुळवली. माझे यजमान आर्मां घड्याळ जोडत, मी ते वेळेवर आणत असे. निवृत्त झालो तेव्हा त्यांना नाव कोरलेले, हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे ऑटोमॅटिक घड्याळ मिळाले आणि मला फोंड्यूचे, म्हणजे चीज वितळवायचे, भांडे. त्या घड्याळाची चालही मीच जुळवली होती. साहेबांना ते आठवले नाही.

२. फोंड्यूचे भांडे, ढवळण्याच्या लाकडी चमच्यासह, आर्मांच्या बहिणीचा मुलगा रेमी तायार याला द्यावे. सतत काहीतरी फिरत राहिलेले त्याला आवडते.

३. घर आणि घड्याळ यांचे एकत्रच लिहिते, कारण आता ती एकाच भांडणात आहेत.

रेमीचे बील शहरात दुकान आहे. न घातलेली ऑटोमॅटिक घड्याळे गोल गोल फिरवत ठेवणाऱ्या विजेच्या पेट्या तो विकतो. आर्मांना पुरले त्याच दिवशी तो त्यांचे घड्याळ मला न विचारता घेऊन गेला. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मामी, थांबलं की आतलं तेल गोठतं. मामाचं घड्याळ मी मरू देणार नाही." बायकांनी डोळे पुसले.

तीन वर्षांनी त्याच्या दिवाणखान्यात मी पेटीचे झाकण उघडले. घड्याळ थाटात फिरत होते आणि काटे जागच्या जागी होते. या घड्याळाला एकाच दिशेने फिरल्यावर चावी बसते. रेमीची पेटी ते तीन वर्षे उलट्या दिशेने फिरवत होती.

"आत्ताच थांबलं असेल," रेमी म्हणाला.

"मामाला पुरलं बारा तारखेला. इथे तबकडीवरच्या खिडकीत तारीख चौदा दिसतेय."

"चौदा तारीख गेल्या महिन्यातही होती, मामी."

मी तिथेच तीस वळसे चावी दिली आणि घड्याळ घरी आणले. आठवडाभर पाहिले, दिवसाला चार सेकंद पुढे. फोन करून कळवले, तर म्हणतो, "बघा, पेटीनंच टिकवलं." आता हीच कथा तो गिऱ्हाइकांना सांगतो. एकदा साहेबांनी माझे काम माझ्या नवऱ्याच्या नावावर घातले, ते मी सोसले. पेटीच्या नावावर घातलेले सोसणार नाही.

चंद्रकला, वार, महिना दाखवणारी घड्याळे थांबली की पुन्हा लावताना जीव जातो. तिथे पेटी सोयीची आहे, हे मी मान्य करते. सोयीची, गरजेची नाही. तेल गोठायचे ते माझ्या आजोबांच्या काळात.

म्हणून, मी गेल्यावर घड्याळ थांबू द्यावे. फादर बूर्कार यांनी ते चर्चच्या कपाटात कुलूप लावून ठेवावे. माझ्या पहिल्या पुण्यतिथीच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, माझा तबेला वापरणाऱ्या नादेज एरार हिने ते सर्वांसमोर बाहेर काढावे, तीस वळसे चावी द्यावी, वेळ लावावी आणि मनगटावर बांधावे. रेमीने समोर उभे राहावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक दहा सेकंदांच्या आत असेल तर घर, कुरण, तबेला आणि घड्याळ नादेजचे. नसेल तर सगळे रेमीचे, आणि मी चुकले असे माझ्या थडग्यावर कोरावे.

नादेजची सहा घोडी माझ्या तबेल्यात असतात. रेमीला घर मिळाले की तो ते विकणार, हे त्याने नोटरीलाच सांगितले आहे. ती कालच माझ्यासमोर डोके धरून बसली. "ओदिलकाकू, माझी घोडी अशी पैजेवर लावू नका हो."

"ही पैज नाही," मी म्हटले. "चाल मी जुळवलीय."

घड्याळ ती फक्त रविवारी घालील, कारण आठवडाभर तिचे हात खरारा आणि लिदीत असतात. मंगळवारी ते थांबेल. पुढच्या रविवारी ती चावी देईल. घड्याळाला याहून जास्त काही लागत नाही.

४. शवपेटीपाशी लोक येतील तेव्हा घड्याळ माझ्या मनगटावर असावे, पुरण्याआधी नादेजने काढून घ्यावे. तोवर कुणी प्रेमाने माझा हात हातात घेऊन हलवू नये. विशेषतः रेमीने.

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात.

साक्षीदार:
फादर ऑन्री बूर्कार
इव्हेत कातँ, शेजारच्या बाकड्यावर एकोणतीस वर्षे
रेमी तायार, वाचले, मान्य नाही, तरी सही केली

सही: मारी-ओदिल पाराट

ल न्वारमों, ९ ऑक्टोबर २०१९, आर्मांच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजून सात मिनिटे. चर्चचे घड्याळ दोन मिनिटे मागे आहे. फादरनी दुरुस्त करून घ्यावे.