अस्सल सर्ज

बनशंकरी, बेंगळूर
१२ ऑगस्ट १९९६

ती. अक्कास स्मिताचा नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे पत्राच्या पहिल्या ओळीत जितकं बरं असायचं असतं तितकं. आप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊनही फारसं दिसत नाही, हे वाचून जीव कळवळला. जन्मभर पलटणीचे कपडे शिवलेल्या माणसाला डोळे हवेत कशाला, असं मी म्हटलंय म्हणावं. चिडतील आणि दोन घास जास्त जेवतील.

यांचं दुकान छान चाललंय. कुठून कुठून जुन्या लष्करी टोप्या येतात. लोक त्या जमवतात, कपाटात मांडून ठेवतात. अस्सल कुठली आणि नक्कल कुठली, ते मी सांगते. सर्जचं लोकरी कापड तळहाताला टोचतं का, अस्तर वापरून मऊ झालंय की मुद्दाम चहात बुडवलंय, शिवणीचा दोरा सुती आहे का. तरी शंका राहिली तर आतला एक धागा काढून जाळायचा. केस जळल्यासारखा वास आला आणि राखेचा चिमटीत भुगा झाला तर लोकर. वितळून मणी झाला तर टेरिलीन. महायुद्धाच्या वेळी पलटणीत टेरिलीन होतं कुठे? आप्पांना सांग, तुम्ही शिकवलेलं सगळं कामी येतंय.

इथपर्यंत त्यांना वाचून दाखव. पुढचं तू एकटीच वाच.

अक्का, मी इथे अडकले आहे. हे मारत नाहीत, ओरडत नाहीत. ओरडले असते तर निदान भांडता तरी आलं असतं! हे कौतुक करतात. "स्मिता, तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही." बेळगावला जाते म्हटलं की टोप्यांचं नवं गाठोडं येतं. "एवढं स्वल्प बघून टाक की, मग खुशाल जा." यांचं स्वल्प कधी संपत नाही. उन्हानं कापड विटतं म्हणून मागच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद. पोळ्यांना, साड्यांना, माझ्या केसांना डांबरगोळ्यांचा वास येतो. आप्पांच्या ऑपरेशनला ताप आला म्हणून येऊ शकले नाही, असं तुला लिहिलं होतं ना? ताप नव्हता गं. गाठोडं होतं.

मग मी ठरवलं, आपण निकामी व्हायचं. हिला काही कळत नाही म्हटल्यावर सोडतीलच की! मागच्या महिन्यात टेरिलीन मिसळलेली एक टोपी आली. हात लावताच कळावं इतकी बुळबुळीत. मी म्हटलं, "अस्सल आहे. महायुद्धातली." यांनी मान डोलावली. गिऱ्हाईक कुर्गचे एक कॉफीमळेवाले, त्यांनी शंका काढली, तर हे त्यांनाच म्हणाले, "आमच्या हिचा हात चुकत नाही हो." आता सांग, खोटं बोलूनही सुटता येत नसेल तर माणसानं करायचं काय?

मळेवाले हट्टी निघाले. दुसऱ्या जाणकाराला दाखवा म्हणाले. म्हणून हे रविवारी ती टोपी घेऊन बेळगावला येताहेत, आप्पांकडे. एकटेच. दुकान कोण बघणार, म्हणून मी इथे. माझ्याच माहेरी टोपी जाणार आणि मी नाही.

एकच कर. ही टोपी मी पास केलीय, हे आप्पांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. कळलं तर माझी लाज राखायला ते अस्सल म्हणतील, आणि मग मी इथून सुटणारच नाही. होऊ दे माझी नाचक्की.

तुझी
स्मी


२१ ऑगस्ट

ती. आप्पांना स्मिताचा साष्टांग नमस्कार.

अक्का, हे मोठ्यानं वाच. काही गाळू नकोस.

आप्पा, हे काल परतले. तुमच्या दारातून आत शिरल्या शिरल्या यांनीच तुम्हाला सांगितलं म्हणे, की बघा, तुमच्या मुलीनं पास केलेली टोपी. संपलं, असं वाटलं.

मग म्हणाले, तुम्ही टोपी हातात घेतलीत, अस्तर उलटं केलंत आणि बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत राहिलात. शेवटी म्हणालात, "जावईबापू, टोपी खोटी आहे. पोरीची बोटं बोथट झालीत. तिला इकडे पाठवा, परत शिकवतो. वेळ लागेल."

लहानपणी माझे डोळे बांधून तुम्ही कापडं ओळखायला लावायचात. इतकी ढोबळ चूक आपली पोर करणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं ती का केली, एवढंच त्या वेळात तुम्ही शोधत होतात ना? तुम्ही मला नापास केलंत, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडले.

पुढच्या शुक्रवारच्या गाडीचं तिकीट यांनी स्वतः काढून आणलं. परतीचंही काढलंय, गणपतीनंतरचं. रात्री जेवण झाल्यावर माझा हात हातात घेतला. किती दिवसांनी! एकेका बोटाचं टोक दाबून पाहिलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "बरी होतील ना गं?"

मी कशी आहे, ते काही विचारलं नाही. मीही "होतील" म्हटलं नाही. परतीचं तिकीट यांच्याच टेबलावर ठेवून येणार आहे.

तुमची, कामातून गेलेली,
स्मी